‘समजलं का?’ असं न विचारणाऱ्या माधवीताई

माधवीताई गेल्याचं मला अरुणकाकांनी स्वतः फोन करून सांगितलं. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो, एका पायात मोजा चढवलेला, दुसरा सापडत नव्हता. काका म्हणाले, "मंदार, माधवी आज पहाटे गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. दुपारी नेणार आहोत, त्याआधी घरी ये." एवढंच. एरवी काकांचा फोन म्हणजे "काय, कसं काय, कामात आहेस का, मग असू दे" अशी चार वळणं घेत येणार आणि मुद्दा बहुधा राहूनच जाणार... आणि त्या दिवशी हे असं स्वच्छ. काय झालं, काय होणार आहे, मी काय करायचं. फोन ठेवल्यावर रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की काकांना असं बोलायला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. मग मात्र रडू आलं.

माधवी चौबळ हे नाव वाचकांनी ऐकलेलं असायचं काही कारण नाही. ठाण्याला नौपाड्यात, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, अजूनही आहे. तिथे त्या कित्येक वर्षं होत्या. आमची गिऱ्हाइकं म्हणजे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या शाळा, मंगल कार्यालयं, दवाखाने, गोदामवाले. ताईंनी स्वतः तरुणपणी भरपूर प्रोग्रॅमिंग केलेलं होतं, आमच्या पिढीने ज्यांची फक्त नावं ऐकली अशा भाषांमध्ये. पण मी कंपनीत आलो तोवर त्यांचं काम बदललं होतं. कार्डावर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ छापलेलं असायचं, आणि ते कार्ड त्या कोणाला देत नसत. सॉफ्टवेअर बनवणारे आणि ते वापरणारे यांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं खरं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझी पहिली मीटिंग कल्याणच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंबरोबर होती. शाळेच्या बस मोबाइलवर दिसाव्यात असं आमचं ॲप होतं आणि नकाशावरची बस कधीकधी मागे राहते अशी बाईंची तक्रार. मी तयारीनिशी गेलेलो. पिंग, सर्व्हर, कॅश, रिफ्रेश... जे जे मला येत होतं ते सगळं मी त्या टेबलावर ओतलं. बाई मन लावून ऐकत होत्या. शेवटी मी विचारलं, "समजलं का मॅडम?" "हो, समजलं ना," बाई म्हणाल्या. मी लॅपटॉप मिटायला घेतला. तेवढ्यात माधवीताई अगदी सहज म्हणाल्या, "बाई, मग उद्या एखाद्या पालकाचा फोन आला, की बस अजून नकाशावर चौकातच दिसतेय, तर त्यांना काय सांगाल?" बाई म्हणाल्या, "बसला उशीर झालाय म्हणून सांगेन." म्हणजे माझं एवढं भाषण पार वाया. बसला उशीर झालेलाच नव्हता, उशीर होत होता तो नकाशाला. बाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही माझी परीक्षाच घेतलीत की," त्या म्हणाल्या. ताई उठल्या, टेबलाच्या आमच्या बाजूची आपली खुर्ची खर्रर्र ओढत पलीकडे नेली आणि बाईंच्या शेजारी बसल्या. "परीक्षा तुमची नाही हो, आमची आहे. तुमच्यापर्यंत पोचलं का ते बघतोय. पहिल्यापासून सांगते." आणि सांगितलं. नकाशावर दिसते ती थोड्या वेळापूर्वीची बस. खरी बस तिच्या पुढे असते. पालक दारात उभे असतील तर बस येतच असेल, आत जाऊ नका म्हणावं.

परतताना मी रिक्षात फुगून बसलो होतो. माझ्या सगळ्या ज्ञानाची दोन-तीन वाक्यं करून टाकली ताईंनी! ताईंनी पर्समधून आल्याची वडी काढून दिली आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस ते सगळं बरोबर होतं रे. पण ते घेऊन त्या बाई करणार काय?" मला वडी तिखट लागली.

आमच्या ऑफिसात ‘समजलं का?’ या प्रश्नाला बंदी होती. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण नव्या माणसाच्या तोंडून तो निघाला की सगळे टेबलावरून मान वर करून बघायचे. या बंदीमागे एक गोष्ट होती आणि ती ताई प्रत्येक नव्या माणसाला स्वतः सांगत, कारण ती त्यांच्या स्वतःच्या फजितीची होती. डोंबिवलीतलं एक मंगल कार्यालय, मालक पाटीलशेठ. काही बुकिंग डोंबिवलीत कार्यालयातच व्हायची, काही कल्याणला शेठच्या दुकानात. कल्याणची बुकिंग रोज संध्याकाळी एक बटण दाबल्याशिवाय डोंबिवलीत दिसायची नाहीत. ताईंनी ते शेठना छान समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "समजलं ना शेठ?" शेठ म्हणाले, "समजला, समजला." बटण कोणी कधी दाबलंच नाही. शेठना वाटलं, कॉम्प्युटर म्हटल्यावर ते तो आपलं आपणच करत असणार. ही गोष्ट बाहेर आली ती अशी, की एका संध्याकाळी दोन कुटुंबं मेनू ठरवायला कार्यालयात आली, शेजारी शेजारी बसून जिलेबी चाखत होती, आणि गप्पांत निघालं की दोघांचं लग्न एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये, एकाच मुहूर्तावर आहे. पत्रिका छापून झालेल्या.

ताई शेठबरोबर दोन्ही घरी गेल्या. सिस्टिममध्ये प्रॉब्लेम झाला, सर्व्हरने गडबड केली, असलं काही त्या बोलल्या नाहीत. "सांगण्यात आमची चूक झाली, त्यामुळे एका हॉलमध्ये दोन लग्नं आलीत. काय करता येईल ते बोलायला आलेय," असं उंबरठ्यातच सांगितलं. एका मुलीच्या मामाने बराच आरडाओरडा केला, तो त्यांनी ऐकून घेतला. शेवटी एका घराने गोरज मुहूर्त मान्य केला. सकाळच्या लग्नाचे हार उतरताहेत, संध्याकाळच्या लग्नाचे चढताहेत आणि ताई मधे उभ्या राहून फुलवाल्याला सूचना देताहेत, असा तो दिवस पार पडला. त्यानंतर त्यांनी शेठना विचारलं, "शेठ, तुम्हाला समजलं नव्हतं, मग हो का म्हणालात?" शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, एवढा जीव तोडून सांगत होतात. नाही समजला म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आपल्याकडे माणूस ‘समजलं’ म्हणतो ते बऱ्याचदा समोरच्याचा मान राखायला, असं त्यांना त्या दिवशी लख्ख दिसलं असावं. म्हणून मग प्रश्नच बदलला. ‘आता तुम्ही मला सांगा, उद्या काय करणार?’ आणि कोणी सरळ ‘नाही समजलं’ म्हणालं, की ताई इतक्या खूश व्हायच्या! "अरे वा, आता कामाला सुरुवात झाली," म्हणत खुर्ची ओढून त्या माणसाच्या बाजूला. त्या खर्रर्र आवाजाबद्दल खालचे दातांचे डॉक्टर दोनदा वर येऊन गेले होते. ताईंनी त्यांनाही आल्याची वडी दिली, खुर्ची मात्र उचलून न्यायची सवय काही त्यांना लागली नाही.

गिऱ्हाइकांचं म्हणणं आम्हाला सांगायच्या तेही असंच. कोणी ‘लवकर पाहिजे’ म्हणालं तर ‘लवकर म्हणजे कधी?’ असं त्या विचारत नसत, ‘कशाच्या आधी?’ असं विचारत. मग कळायचं की लग्नसराईच्या आधी, किंवा शाळेच्या गॅदरिंगच्या आधी, आणि आम्हालाही घाईचं कारण पटायचं. आणि आम्ही ‘जवळजवळ झालंय’ म्हणालो की त्या आम्हाला स्टेशनवर आणायच्या. राहायच्या डोंबिवलीला, ऑफिस ठाण्याला, त्यामुळे कुठलंही काम लोकलसारखं ठाण्याहून सुटायचं आणि डोंबिवलीला पोचायचं. "काम कुठे आहे?" "कळवा." "अजून कळवाच? परवापण कळवाच होतं." दिवा आलं की अर्ध्याच्या पुढे गेलो, डोंबिवलीच्या अलीकडचं कोपर गेलं की झालंच. पाटीलशेठसुद्धा फोन करून विचारायचे, "मॅडम, आपली गाडी मुंब्र्याला अडकली काय?" आणि काम संपल्यावरही आम्ही हौसेने काहीतरी चिकटवत बसलो, की ताई लांबूनच ओरडायच्या, "उतरा रे, डोंबिवली गेली, ठाकुर्लीला निघालात की काय!" काम मनासारखं झालं तर शाबासकी वगैरे नाही. फक्त म्हणायच्या, "पोचलं." त्या एका शब्दासाठी आम्ही किती मरमर करायचो ते आम्हालाच माहीत.

त्या फार गोड होत्या असं लिहिलं तर त्यांनाच ते खपणार नाही. हट्टी होत्या. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते दुरुस्त करायच्या. माझं लग्न ठरल्यावर प्राचीला ऑफिसात भेटायला आणलं, तर माझ्यादेखत तिला म्हणाल्या, "हा घरात कुठली कामं करणार, ते याच्याकडून एकदा वदवून घे. नुसता मान हलवेल." प्राचीने तिथल्या तिथे वदवून घेतलं. ते मला अजून भोवतंय.

अरुणकाका या सगळ्याच्या अगदी उलट. ताईंच्या नवऱ्याला काका म्हणणं नात्यात बसत नाही, पण ते काकाच वाटतात. औषधाच्या कंपनीतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, आणि कोणाचंही काहीही ऐकलं की "हो हो, समजलं" म्हणणारे. ताई त्यांना चिडवायच्या, "आमच्या घरातले पाटीलशेठ!" काका त्यावरही "हो हो" म्हणायचे. निवृत्तीनंतर ताई घरी बसल्या तेव्हा आता हे दोघं दिवसभर एकमेकांशी बोलणार कसे, अशी आम्हाला मजेशीर काळजी वाटली होती.

मग गेल्या वर्षी ताईंचं दुखणं निघालं. पोटात गाठ. ठाण्याच्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. सुरुवातीला त्या स्वतः डॉक्टरांशी बोलत, घरी येऊन मला फोनवर सगळं नीट सांगत. पुढे अशक्तपणा आला, रिपोर्ट घेऊन काका एकटेच जायला लागले. आणि काका घरी येऊन म्हणत, "काळजीचं काही नाही म्हणाले." दर वेळी तेच. एका दुपारी ताईंचा मला फोन आला. आवाज बारीक झालेला, पण सूर तोच, काम नेमून देण्याचा. "मंदार, उद्या यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. हे सगळ्याला हो म्हणून येतायत. मला आतून कळतंय की गाडी हलतेय, पण कुठे आहे ते कोणी सांगत नाही. तू विचारून ये आणि मला सांग. गुळमुळीत नको."

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर गेलो. डॉक्टर भला माणूस होता, घाईत असूनही शांतपणे बोलला. डिसीज प्रोग्रेस झालाय, रिस्पॉन्स मिळत नाहीये, आता पॅलिएटिव्हकडे शिफ्ट व्हायला हवं, कम्फर्टवर फोकस करू... काका प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणत होते. डॉक्टरांनी विचारलं, "समजलं ना काका?" "हो हो, समजलं." माझ्या डोळ्यासमोर जिलेबीच्या ताटल्या आल्या. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुम्हाला परत सांगतो, चुकलं तर थांबवा. गाठ औषधांनी कमी होत नाहीये. ती कमी करायची औषधं आता बंद करायची. दुखू नये म्हणून जी लागतील तेवढीच द्यायची. त्या बऱ्या होणार नाहीत." डॉक्टरांनी चष्मा काढला. "बरोबर आहे," ते म्हणाले. मी विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण वर्ष नाही, काही महिने. बाजूला काका टेबलाची कड धरून बसले होते. या वेळी ते हो म्हणाले नाहीत.

रिक्षात, टॅक्सीत, कशात आम्ही परत आलो ते मला नीट आठवत नाही. काका वाटेत एकदाच बोलले. "तिला नको सांगूस रे. मी तुझ्या पाया पडतो." मी म्हटलं, "काका, त्या मला विचारणार. मी आजवर त्यांना काम कुठे आहे ते खोटं कधी सांगितलेलं नाही... आज कसं सांगू?" काकांनी बाहेर बघायला सुरुवात केली. मला स्वतःलाही कुठेतरी उतरून पळून जावंसं वाटत होतं. गिऱ्हाइकाला वाईट बातमी देणं वेगळं आणि हे वेगळं. पण त्या बाईने आयुष्यभर लोकांना अर्धवट हो म्हणू दिलं नाही, आणि तिच्याच बाबतीत सगळ्यांनी मिळून हो हो करत राहायचं, हे मला सहन होईना.

ताई डायनिंग टेबलाशी उशी लावून बसल्या होत्या. काका म्हणाले, "काळजीचं काही..." आणि थांबले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठे आहे गाडी?"

"कोपर गेलं, ताई."

त्या ओठाच्या कोपऱ्यातून हसल्या. "म्हणजे आता पिशवी घेऊन दाराशी यायचं." डोंबिवलीचा माणूस कोपर गेलं की तेच करतो. "आता नीट सांग," त्या म्हणाल्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला नेली आणि सांगितलं. काय झालंय, काय होणार आहे, तोवर काय करायचं. किती महिने ते माहीत नाही, हेही सांगितलं. मग ताई म्हणाल्या, "आता मी सांगते. चुकलं तर थांबव." आणि त्यांनी स्वतःचं मरण मला परत सांगितलं, एकही शब्द न चुकता, जणू एखाद्या शाळेचं काम आहे. काका आत स्वयंपाकघरात जाऊन उभे होते. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "पोचलं," त्या म्हणाल्या.

‘तोवर काय करायचं’ हे मग त्यांनीच ठरवलं. बहिणीला बोलावून घेतलं, हापूसचं आइस्क्रीम रोज खाल्लं, आणि उरलेला सगळा जीव काकांना शिकवण्यात घातला. मोबाइलवरून विजेचं बिल कसं भरायचं, इन्व्हर्टरचं पाणी कधी बघायचं, वॉशिंग मशीन, बँकेतून फोन आला तर काय बोलायचं नाही. मी गेलो की ऐकू यायचं, "हो हो, समजलं." आणि त्यावर ताईंचा आवाज, "समजलं म्हणू नका. आता तुम्ही मला सांगा." काका सांगायचे, चुकायचे, पुन्हा सांगायचे. शेवटी शेवटी काकांचं बरोबर यायला लागलं तेव्हा ताईंना मान उचलवत नव्हती.

गेल्या रविवारी मी डोंबिवलीला गेलो. काकांनी स्वतः चहा केला, चांगला केला. मला एकेक गोष्ट स्वच्छ सांगितली, ताईंचे कपडे कुठे दिले, कागदपत्रांचं काय झालं, काय राहिलंय. बोलण्यात कुठे गोंधळ नाही. ऐकून मला हायसं वाटलं. निघताना दारात बूट चढवत मी म्हटलं, "काका, मी येत जाईनच. पण एकटं वाटलं तर कधीही फोन करा, संकोच करू नका, समजलं ना?" निघून गेलं तोंडातून... इतक्या वर्षांत निघालं नव्हतं. आता काका ‘हो हो’ म्हणणार, हे मी धरूनच चाललो होतो.

काका दाराची कडी धरून उभे होते. "नाही रे," ते म्हणाले. "फोनचं समजलं. ती नाहीये हे नाही समजलं. तुला मीच सांगितलं, तिच्या बहिणीला सांगितलं, बँकेत जाऊन सांगितलं. सगळ्यांना नीट सांगितलं ना मी? पण मला अजून नाही समजलेलं, मंदार."

मी बूट काढले आणि आत आलो. टेबलाशी काकांच्या जागेसमोर ताईंची खुर्ची तशीच होती. मी ती ओढत पलीकडे नेली, खर्रर्र आवाज झाला, काकांनी चमकून बघितलं. "बसा," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांगतो."

काका येऊन बसले. मी त्यांच्या बाजूला बसलो.

"काका," मी म्हटलं, "माधवीताई गेल्या."